पाऊल न टाकता पाहायचा कपडेपट

बुद्धिबळाच्या पटावर राजाला खेटून उभा असतो तो आपला वजीर. सगळ्यात ताकदवान मोहरं, पण पुरुष, आणि तोही नोकरीतला. इंग्रजीत त्याच मोहऱ्याची राणी होते. हा फरक मला लहानपणापासून माहीत होता आणि त्याने माझं कधी काही अडलं नव्हतं. ऑक्टोबर 2020 मध्ये न्यूयॉर्कचं ब्रुकलिन म्युझियम आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून 'द क्वीन अँड द क्राउन' नावाचं कपड्यांचं आभासी प्रदर्शन मांडलं, तेव्हा तो पहिल्यांदा आडवा आला. 'द क्वीन्स गॅम्बिट' आणि 'द क्राउन' या नेटफ्लिक्सच्या दोन मालिकांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे 'क्वीन' हा एक शब्द. आईला मी मराठीत समजावून सांगायला गेले, तर म्हणाली, "मग वजिराचा आणि डायनाचा काय संबंध?" 

संबंध असा. 'द क्वीन्स गॅम्बिट' ही पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकेत वाढलेल्या, बुद्धिबळ खेळणाऱ्या बेथ हार्मन या अनाथ मुलीची कल्पित गोष्ट. ती 23 ऑक्टोबरला आली. 'द क्राउन'चा चौथा सीझन, म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याचा 1979 ते 1990 हा काळ, थॅचरबाई आणि डायना यांच्यासकट, 15 नोव्हेंबरला यायचा होता. प्रदर्शन उघडलं 30 ऑक्टोबरला आणि 13 डिसेंबरपर्यंत चाललं. एक मालिका येऊन आठवडा झालेला, दुसरीला सोळा दिवस बाकी. ही तारीख कुणीतरी कॅलेंडर समोर ठेवून काढली असणार, आणि चांगली काढली. पहिलीचे प्रेक्षक नुकते शेवटच्या भागाला पोचत होते आणि दुसरीचे प्रेक्षक वाट बघत बसले होते.

मी प्रदर्शनं आणि दुकानांच्या दर्शनी काचा उभ्या करायच्या धंद्यात आहे. 'आमच्या मालिकेसाठी काहीतरी इमर्सिव्ह', म्हणजे पाहणारा थेट आत शिरेल असं, 'करा' असं सांगणारं कुणीतरी वर्षातून एकदा भेटतंच. त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच चित्र असतं: मालिकेतला दिवाणखाना जसाच्या तसा उभारा, लोक सोफ्यावर बसतील, फोटो काढतील, फोटो फिरतील. हे चालतंही. पण त्यात पाहणाऱ्याला जे मिळतं ते त्याने टीव्हीवर आधीच पाहिलेलं असतं, आणि इथे उलट प्लायवूड दिसतं. म्हणून हे ब्रुकलिनचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा काढून बघते. तिथे दृश्यं, संवाद वगळून पुढे ठेवले ते कपडे.

कपडे निवडण्यात एक हुशारी आहे जी पटकन लक्षात येत नाही. कपड्याने कथा फुटत नाही. शेवटच्या भागातला कोट तुम्ही आधी पाहिलात, तरी डाव कोण जिंकलं ते कोटावर लिहिलेलं नसतं. प्रसिद्धी करणाऱ्याला नेहमीचा पेच असतो की उत्सुकता वाढेल इतकं दाखवायचं आणि मजा जाईल इतकं दाखवायचं नाही. सेटवरचं एखादं पत्र, एखादी रिकामी खुर्ची घात करू शकते. पुतळ्यावरचा फ्रॉक फार तर एवढंच सांगतो की ही बाई कुठेतरी हा घालून गेली होती.

आता जागा. 2020 साली न्यूयॉर्कमध्ये गर्दी जमवणं शक्यच नव्हतं. या प्रदर्शनाचे क्युरेटर मॅथ्यू योकोबोस्की यांनी 'स्टुडिओ 54' या जुन्या नाइट क्लबवरचं मोठं प्रदर्शन मार्चमध्ये तयार केलं होतं आणि ते उघडायच्या वेळीच करोनाने संग्रहालयाला कुलूप लागलं. सप्टेंबरात दारं पुन्हा उघडली, पण मोजूनमापून. त्यामुळे नवं प्रदर्शन वेबसाइटवरच मांडायचं ठरलं तर त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. वेबसाइटवर कसलीही जागा काढता येते: ढगात तरंगणारे पुतळे, चंद्रावरचा बुद्धिबळाचा पट, काहीही. त्यांनी मात्र स्वतःच्याच इमारतीतला बोझार कोर्ट हा चौक घेतला. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आखलेल्या इमारतीतला हा भव्य चौक: वर काचेचं छत, चारी बाजूंनी कमानी.

आळस म्हणून हे सोडून देता येईल, पण मला ते फार व्यवहारी वाटतं. लॅपटॉपच्या पडद्यावर पुतळा वीतभर दिसतो, फोनवर बोटभर. तो माणसाएवढा आहे हे डोळ्याला पटवायचं कसं? शेजारी कमान हवी, खांब हवा, फरशीचे सांधे हवेत. ढगात ठेवलेला फ्रॉक बाहुलीचा वाटतो. दोन खांबांच्या मधे ठेवलेला फ्रॉक कुणीतरी घातलेला वाटतो. शिवाय संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या वस्तूही या कपड्यांच्या जोडीला निवडल्या. बुद्धिबळाशी नातं सांगायला त्यांच्याकडे माल होताच. तिसरा आमेनहोतेप या इजिप्तच्या राजाचं नाव कोरलेला, सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीचा सेनेट या खेळाचा पट याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे, आणि त्याला सोंगट्या ठेवायला सरकता खणसुद्धा आहे.

या सगळ्यात मला खरा रस आहे तो दोन कपडेपटांच्या शेजारात.

'क्वीन्स गॅम्बिट'चे कपडे गाब्रिएले बिंडर या जर्मन वेशभूषाकार बाईंचे, 'क्राउन'चे एमी रॉबर्ट्स यांचे. दोघींचं काम वरवर सारखं, जुन्या काळचे कपडे. पण अडचणी अगदी उलट. बेथ कधी जन्मलीच नाही, त्यामुळे तिने काय घालावं यावर कुणाचा हक्क नाही. बिंडरना सगळं शून्यातून ठरवायचं होतं. डायनाचा प्रत्येक कपडा फोटोत अडकलेला. लग्नाचा तर कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर पाहिलेला, बाकीचे मासिकांतून कापून ठेवलेले. रॉबर्ट्स यांनी जरा कॉलर बदलली तर पहिल्या दिवशीच बोंब. आणि हुबेहूब केलं तर त्यात त्यांचं काय? त्यांनी मधला रस्ता धरला: काही मोजके कपडे जवळजवळ तंतोतंत, बाकीचे त्या बाईच्या स्वभावाला धरून.

हा फरक प्रदर्शनात कसा दिसतो? बेथचे कपडे बघताना आपण 'असं का?' विचारतो. डायनाचे बघताना 'तसंच आहे का?' विचारतो. एकाच दालनात दोन प्रकारचं पाहणं. चौकात चालता चालता ते बदलत राहतं, आणि कंटाळा येत नाही. नुसती एकच मालिका घेतली असती तर दहाव्या पुतळ्याला मी नक्की दुसरी खिडकी उघडली असती.

बेथच्या कपड्यांत रंगांची एक गोष्ट विणलेली आहे. अनाथाश्रमात येते तेव्हा तिच्या अंगावर फिकट हिरवा फ्रॉक असतो, छातीवर आईने दोऱ्याने भरलेलं तिचं नाव. आश्रमात तो काढून घेतात. मग वर्षानुवर्षं मळके, दुसऱ्याने ठरवलेले रंग. पैसे हातात आल्यावर ती चौकड्यांचे कपडे घ्यायला लागते, बुद्धिबळाच्या घरांसारखे काळे-पांढरे. साठचं दशक पुढे सरकतं तशी पिएर कार्दां, कुरेज या पॅरिसच्या फॅशनकारांच्या धर्तीची सरळ रेघांची शिवण येते. आणि अगदी शेवटी मॉस्कोच्या बागेत ती म्हाताऱ्या खेळाडूंमध्ये जाते ती पायघोळ पांढरा कोट, पांढरी पँट आणि पांढरी टोपी घालून. पटावरची पांढरी राणीच ती. बिंडर यांनीही मुलाखतींत हे उघड सांगितलंय. मालिका पाहताना मला तो कोट नुसता देखणा वाटला होता. तो मोहऱ्याच्या आकाराचा आहे हे डोक्यात शिरायला कपडा पडद्यावरून बाजूला काढून, हलणं थांबवून बघावा लागला. (मराठीत इथेही गोची. वजीर म्हणून तो कोट पाहिला तर काहीच अर्थ लागत नाही.)

योकोबोस्की यांनी याआधी 2019 मध्ये याच संग्रहालयात पिएर कार्दां यांच्या सत्तर वर्षांच्या कामाचं प्रदर्शन केलं होतं. बिंडर ज्या शिवणीकडे बघून काम करत होत्या, तिचे मूळ नमुने यांनी वर्षभरापूर्वी हाताळलेले. मालिकेच्या कंपनीने एखादी इव्हेंट एजन्सी धरण्याऐवजी असा माणूस धरला, याचं फळ मांडणीत दिसतं.

कपडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची सोय, ज्याला जाहिरातीत 'तीनशे साठ अंशांत' म्हणतात, ती बाहेरून खेळण्यासारखी दिसते. करणाऱ्याला ती महागात पडते. का, ते माझ्या फजितीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये आम्ही ऐतिहासिक पोशाखांची छोटी मांडणी केली होती. नऊवारीसाठी शिंप्याचा धडपुतळा आणला, ज्याचा लोखंडी दांडा बरोबर मधोमध खाली जातो. काष्टा घालायला गेलो आणि दांडा आडवा! दोन तास झटापट करून शेवटी काष्टा दांड्याच्या एका बाजूने नेला, मागे टाचण्या मारल्या, चार टाके घातले, समोरून झकास. मॉलचा सरकता जिना नेमका पाठीमागून खाली येत होता. उद्घाटनाच्या दिवशी जिन्यावरून येणाऱ्या पहिल्या आजीबाईंनी वरूनच हाक मारली, "अगं, हिचा काष्टा सुटलाय!"

दुकानाच्या काचेतला प्रत्येक कपडा पाठीमागून टाचलेला असतो. समोरून अंगासरशी बसतो तो त्यामुळेच. पुतळा गोल फिरणार म्हटलं की ही पळवाट बंद. कपडा त्या पुतळ्याला खरोखरच बसवावा लागतो: आतून कापूस भरून छाती-कंबर वाढवायची, घेराला आतला स्कर्ट द्यायचा, खांदे नटीच्या खांद्यांइतके आणायचे. कपडा कापायचा नाही, पुतळा घडवायचा. पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि दिसू नये हेच काम.

उलट, आभासी मांडणीने एक जुनी कटकट मिटवली. कापडाचे रंग उजेडाने उडतात, म्हणून संग्रहालयात कपड्यांवर साधारण 50 लक्सच प्रकाश ठेवतात. म्हणजे बैठ्या दिव्याचा अंधुक उजेड, त्यात दोरी किंवा काच, आणि आपण सहा फुटांवर. लोक कुरकुरतात. पडद्यावर मात्र हवा तेवढा उजेड, हवं तेवढं जवळ. बटणाचं काज मोजता येतं.

गमावलं काय, तेही बोलायला हवं. कापड डोळ्यांनी अर्धंच कळतं. कोटाचं वजन, टाफेटा या ताठ रेशमी कापडाची सळसळ, लोकरीचा वास, यातलं काहीच आलं नाही. शेजारी उभी राहून 'बघ बघ' म्हणणारी मैत्रीण नव्हती. 'इमर्सिव्ह' शब्दाला जागायचं तर अंगावर काहीतरी यावं लागतं, आणि इथे हातात होता तो माऊस. 2014 मध्ये डेलावेअरमधल्या विंटरथर या जुन्या धनिकाच्या वाड्याच्या आवारात 'डाउन्टन ॲबी' मालिकेचे चाळीस पोशाख मांडले होते. तिथे निदान माणूस खऱ्या वाड्याच्या आवारात चालत येत होता. नंतर नेटफ्लिक्सनेच 'ब्रिजर्टन'साठी अमेरिकेत आणि कॅनडात जे नाच-समारंभ भरवले, तिथे तर पाहुणेच नटूनथटून आले. कपडा पुतळ्यावरून उतरून प्रेक्षकाच्या अंगावर गेला. मजा तिथे जास्त, यात वाद नाही. शिवण तिथे कुणी पाहिली असेल असं मात्र वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. सार्वजनिक संग्रहालयाने विकाऊ मालिकेला आपलं नाव, चौक आणि संग्रह द्यावा का? त्याच ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिन म्युझियमने संग्रहाच्या देखभालीचा निधी उभारायला क्रिस्टीजच्या लिलावात काही चित्रं विकली; क्रानाख या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची 'ल्युक्रेशिया' 50 लाख डॉलरच्या वर गेली. तोवर असं विकणं या क्षेत्रात पाप मानत, करोनाच्या काळात संग्रहालयांच्या संघटनेने नियम सैल केले होते. ते दिवसच असे होते. अशा वेळी स्ट्रीमिंग कंपनी दारात आली तर नाही म्हणायला मोठं काळीज लागतं. माझं मत: दिलं ते ठीक, कारण वेशभूषाकारांची नावं ठळकपणे पुढे आली. कपडेपटातल्या बाईचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत एरवी कुठे येतं? आपल्याकडे मालिका संपली की शालू, शेले, अंगरखे भाड्याच्या कपडेपटात परत जातात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच राजाच्या अंगावर दिसतात.

पण नेटकेपणा कपड्यांपुरताच राहिला हेही खरं. 'क्वीन्स गॅम्बिट'च्या शेवटच्या भागात जॉर्जियाच्या माजी महिला विश्वविजेत्या नोना गाप्रिंदाश्विली यांच्याबद्दल एक वाक्य आहे, की त्या पुरुषांशी कधी खेळल्याच नाहीत. साफ खोटं, त्या कितीतरी पुरुष ग्रँडमास्टरांशी खेळल्या होत्या. त्यांनी 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर 50 लाख डॉलरचा दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. काळ, कापड, कॉलर सगळं तपासलं आणि जिवंत बाईची कारकीर्द तपासायची राहिली. आपल्याला हे दुरून बघायची गरज नाही. मुंबईची रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गहजब झाला होता. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धांत अडवता येणार नाही. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींवर कुणी मालिका काढली, तर तिचा कपडेपट मला मांडायचाय. बेथसारखी कल्पित मुलगी तिथे शोधावी लागणार नाही.

प्रदर्शनाने काम केलं का? नेटफ्लिक्सच्या हिशेबाने 'क्वीन्स गॅम्बिट' पहिल्या 28 दिवसांत 6 कोटी 20 लाख घरांत लावली गेली, आणि अमेरिकेत बुद्धिबळाचे पट दुकानांतून उडाले. त्यात या मांडणीचा वाटा काढायला जाऊ नये. मालिका लोकांनी एकमेकांना सांगून पाहिली. प्रदर्शनाने एवढं केलं की मालिकेबद्दल बोलताना लोक कपड्यांबद्दल बोलायला लागले तेव्हा दाखवायला एक पत्ता तयार होता. 2021 च्या टीव्हीसाठीच्या एमी पुरस्कारांत जुन्या काळाच्या वेशभूषेसाठी दोन्ही मालिका एकाच गटात समोरासमोर होत्या. जिंकल्या बिंडर.

मला स्वतःला या सगळ्यातून एक पोशाख लक्षात राहिलाय, आणि तो हरलेल्या बाजूचा आहे. डायनाचा लग्नाचा.

खरा पोशाख 1981 चा, डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल या जोडप्याने शिवलेला, हस्तिदंती रेशमी टाफेटाचा. मागचा घोळ 25 फूट लांब. आपल्या नऊवारीपेक्षा जेमतेम दोन फूट कमी! तेवढंच कापड आपली आजी अंगाभोवती गुंडाळून, काष्टा मारून विहिरीवर जायची. इकडे ते मागे ओढत न्यायला माणसं लागली. काचेच्या बग्गीत तो घोळ कोंबला आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर डायना उतरली तेव्हा टाफेटाला चुण्याच चुण्या पडल्या होत्या. जगाने त्या पाहिल्या. मालिकेसाठी हा पोशाख पुन्हा शिवताना इमॅन्युएल यांनी मदत केली. तरी रॉबर्ट्स यांनी तो टाक्याला टाका मिळवून केला नाही, बघताक्षणी 'तोच' वाटेल इतपत केला. झालरी, बाह्यांचे फुगे, मानेभोवतीची लेस, सगळं कसं एकावर एक रचलेलं. विशीतल्या मुलीवर एवढा पसारा का घातला असेल, असं वाटण्याइतकं.

त्या प्रदर्शनात मी हा पोशाख किती वेळा फिरवला असेल, मोजलं नाही. एकदा मागून, घोळ जमिनीवर पसरतो तिथून. मग हळूहळू डावीकडून. बाहीचा फुगा खांद्यापासून सुटतो ती जागा. मग पुढून, लेसपाशी थांबून.

दोन आठवड्यांनी मालिका आली. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो पोशाख आला, क्षणभरच, बराचसा पाठमोरा. लग्न दाखवलंच नाही. आई शेजारी बसली होती. म्हणाली, "पुढून दाखवलाच नाही की गं." मी लॅपटॉप आणायला उठले.